तंबूतला सामरी आणि निर्दोष सिनेमा

आमच्या मित्रमंडळात एक जुना खेळ आहे. प्रत्येकाने दोन याद्या करायच्या. पहिली यादी ‘चोरून आवडलेल्या’ भुताच्या पिक्चरची. चारचौघांत नाव काढलं तर लोक हसतील, पण रात्री अकराला टीव्हीवर लागला तर चॅनेल बदलवत नाही, असे पिक्चर. दुसरी यादी ‘निर्दोष’ सिनेमांची, ज्यांत बोट ठेवायला जागा नाही असे. पहिली यादी करताना हशा पिकतो आणि दुसरी करताना भांडणं होतात. हा खेळ इतकी वर्षं चाललाय की आता मला वाटायला लागलंय, या दोन याद्यांमध्ये आमच्या शहापूर-मुरबाडचा थोडाफार इतिहासच दडलेला आहे. तोच आज जरा सविस्तर लिहावा म्हणतो. (आत्या, तुझाही उल्लेख येणार आहे. रागावू नकोस.)

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीला पाठ टेकून बसलेले हे दोन तालुके. शहापूरकडे माहुली किल्ला, तानसा आणि भातसा. मुरबाडकडे सिद्धगड, नाणेघाट आणि माळशेज. शहापूरला निदान आसनगाव, आटगाव, खर्डी अशी रेल्वे स्टेशनं तरी आहेत. मुरबाडला जायचं म्हणजे कल्याणहून एसटी. २०१४ साली जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन पालघर वेगळा झाला, आम्ही ठाण्यातच राहिलो. मुंबईला पाणी आमच्याकडून जातं आणि मुंबईचे पिक्चर आमच्याकडे यायचे. फरक एवढाच की पाणी ताजं जायचं आणि पिक्चर शिळे यायचे!

शिळे म्हणजे किती शिळे? पिक्चरच्या प्रिंट त्या काळी मोजक्या निघायच्या. आधी त्या मोठ्या शहरांत फिरायच्या, मग जिल्ह्याच्या गावांना, मग तालुक्याला आणि शेवटी फिरत्या तंबूत. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर तीन-चार वर्षं सहज उलटलेली असायची आणि प्रिंटवर इतके ओरखडे असायचे की प्रत्येक पिक्चरमध्ये पाऊस पडतोय असं वाटायचं. रीळ तुटलं की ऑपरेटर तेवढा तुकडा कापून पुढचं जोडून टाकायचा. असे शंभर ठिकाणी शंभर तुकडे गेलेले. ही कापाकापी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आमच्या याद्यांमधला पहिला मान अर्थातच रामसे बंधूंचा. त्यांचा इतिहास त्यांच्या पिक्चरइतकाच सुरस आहे. मूळ आडनाव रामसिंघानी. कराचीत रेडिओचं दुकान असलेलं हे सिंधी कुटुंब फाळणीनंतर मुंबईत आलं. वडील एफ. यू. रामसे यांनी सिनेमा काढायला सुरुवात केली. त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा १९७० चा पिक्चर आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात असा एक प्रसंग होता, आणि लोक तेवढ्यासाठी थिएटरात येत होते हे त्यांच्या मुलांनी हेरलं. मग सातही भावांनी मिळून भुताचाच धंदा करायचं ठरवलं. कुमार यांनी लिहायचं, गंगू यांनी कॅमेरा बघायचा, किरण यांनी आवाज, तुलसी आणि श्याम यांनी दिग्दर्शन. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून केला. बडे स्टार नाहीत, सेट नाहीत, घरातल्याच बायकांनी स्वयंपाक बघायचा. थोडक्यात, एखादं शेतकरी कुटुंब भाताची लावणी उरकतं तसा यांनी पिक्चर उरकला. आणि तो चालला!

त्याआधीची हिंदीतली भुतं फार सभ्य होती. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वो कौन थी’ (१९६४) आठवा. धुकं, पांढरी साडी, लांबून येणारं गाणं, आणि शेवटी कळतं की भूत नव्हतंच, कुणाचं तरी कारस्थान होतं किंवा माळ्याची मुलगी होती. सुशिक्षित माणसाला घरी जाऊन शांत झोप लागावी अशी सोय. रामसेंच्या ‘पुराना मंदिर’मध्ये (१९८४) अशी सोय नाही. तिथला सामरी खराखुरा सैतान आहे. दोनशे वर्षांपूर्वी राजाने त्याचं मुंडकं आणि धड वेगळं करून दोन जागी ठेवलंय, त्याने राजाच्या घराण्याला शाप दिलाय आणि घरातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरतेय. सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल हा उंचापुरा माणूस रूडकीला इंजिनियरिंग शिकलेला होता. (आमच्याकडे अजूनही कुणाचा मुलगा इंजिनियर झाला की आमचा एक मित्र हळूच म्हणतो, “म्हणजे सामरीला स्कोप आहे.”)

आमच्या लोकांना हे भूत लगेच पटलं, कारण आमची स्वतःची भुतंही खरीखुरीच होती. मुंजा पिंपळावर, आसरा पाण्यात, वेताळ गावच्या शिवेवर, आणि माळावर चकवा, जो रात्री माणसाला गोल गोल फिरवतो. पण या भुतांची हद्द ठरलेली असे. त्या पिंपळाखालून रात्री जायचं नाही, गेलंच तर काय करायचं हे आजीला माहीत असे, नारळ किंवा कोंबडं देऊन व्यवहार मिटत असे. सिनेमातलं भूत मात्र थेट घरात शिरत होतं आणि त्याला नारळाचं काही वाटत नव्हतं. ही आमच्यासाठी नवीन भानगड होती.

आता आत्याची गोष्ट. ‘जानी दुश्मन’ (१९७९) ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत असेल की त्यातला राक्षस लाल जोड्यातल्या नवऱ्या मुलींवर झडप घालतो. आत्याने तो जत्रेत पाहिला आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या लग्नात लाल शालू नेसायला साफ नकार दिला. आजोबांना वाटलं मुलीला स्थळ पसंत नाही. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. शेवटी आजीने खोदून खोदून विचारलं तेव्हा खरं कारण बाहेर आलं आणि हिरवा शालू आणला गेला. आमच्या घराण्यावर हिंदी सिनेमाचा झालेला हा पहिला नोंदवण्यासारखा परिणाम.

हे सगळं घडायचं ते म्हशाच्या जत्रेत. मुरबाड तालुक्यातलं म्हसा, देव खांबलिंगेश्वर, पौष पौर्णिमेची जत्रा. बैलांचा मोठा बाजार, घोंगड्यांच्या राशी, मिठाईची दुकानं, तमाशाचे फड आणि त्यांच्या पलीकडे पिक्चरचा तंबू. बाया एकीकडे, बाप्ये एकीकडे, मधे दोरी. खाली जमीन, अंगावर दुपारीच घेतलेली नवी घोंगडी. ‘फक्त प्रौढांसाठी’ असं पडद्यावर यायचं तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना ते वाचता येत नसे, वयामुळेही आणि इंग्रजीमुळेही. मशीन एकच. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं. ते संपलं की पडदा काळा. सामरीचा हात दरवाजातून आत आलाय आणि रीळ संपलंय... मग दोन-तीन मिनिटं नुसता काळोख, जनरेटरची घरघर आणि पाच-सहाशे माणसांचा श्वास. पुढे मी चांगल्या थिएटरांत, चांगल्या आवाजात बरेच भयपट पाहिले. त्या काळोखाची सर कशालाच आली नाही.

तंबूच्या बरोबरीने व्हिडिओ आला. गणपतीत किंवा सत्यनारायणाच्या पूजेला वर्गणी काढून शहापूर नाहीतर कल्याणहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि रात्रभरात तीन पिक्चर संपवायचे. पहिला देवाचा, दुसरा मारामारीचा आणि मध्यरात्रीनंतर, म्हातारी मंडळी पेंगली की, तिसरा भुताचा. ‘वीराना’ (१९८८) मी असाच पाहिला. मागे गणपती, त्याच्यासमोर समई आणि समोर टीव्हीवर चेटकीण! १९९३ साली तर एकाच वर्षात दोन धमाके झाले. रामसे ‘झी हॉरर शो’ घेऊन टीव्हीवर आले आणि महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ आला. तात्या विंचू ही रामदास पाध्यांची बाहुली. त्याची कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ची (१९८८), पण हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर तात्या विंचूच जास्त थोर वाटला.

मग लाज कधी आली? माझ्या मते ती लोकलने आली. दहावी-बारावीनंतर आम्ही कल्याण, ठाणे, मुंबईच्या कॉलेजांत जायला लागलो. तिथे कुणी विचारलं, “आवडता सिनेमा?” की पोरं ‘सायको’ (१९६०) म्हणायची, ‘प्यासा’ (१९५७) म्हणायची, आणि मराठीतलं कुणी असलं की ‘सामना’, ‘सिंहासन’ (१९७९). तिथे ‘पुराना मंदिर’ म्हणायची कुणाची छाती? मग आम्हीही फिल्म सोसायटीचे पिक्चर बघायला लागलो. त्यातले बरेच खरोखर थोर होते. ‘सिंहासन’ तर मी आजही दर निवडणुकीच्या आधी एकदा बघतो. पण त्या काळात आमची एक यादी दोन याद्या झाली. एक लोकांना सांगायची, एक आपल्यापाशी ठेवायची.

आमच्यातल्या एकाची यादी मात्र एकच राहिली. त्याला आम्ही ‘ऑपरेटर’ म्हणतो. दहावीनंतर शाळा सुटली आणि दोन हंगाम तो पिक्चरच्या तंबूत मदतनीस होता. रिळं उचलायची, उलटी गुंडाळायची, कार्बनच्या कांड्या द्यायच्या, तुटलेली फिल्म चिकटवायची. आता त्याची सरळगावच्या बाजूला भातशेती आहे आणि पोराची रिक्षा. आमच्या बैठकीला तो नेमाने येतो, पण ‘निर्दोष’ सिनेमांची चर्चा सुरू झाली की गप्प होतो. मागच्या पावसाळ्यात किन्हवलीला जमलो होतो तेव्हाही तसंच झालं. मास्तर कुरोसावावर बोलत होता. गुरांचा डॉक्टर म्हणाला, “शोलेपुढे (१९७५) काही नाही. निर्दोष.” त्यावर मास्तरने नेहमीचा दोष काढला. रामगढमध्ये वीज नाही, मग वीरू चढतो त्या टाकीत पाणी चढतं कसं? डॉक्टर म्हणाला, “आमच्या गावात टाकी आहे, लाईटही आहे, पाणी नाही. म्हणजे आमचं गावच सदोष की रे!” खूप हसलो. भातसा-तानसाच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यांना हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

मग कुणीतरी ऑपरेटरला विचारलं, “तुझा निर्दोष कुठला रे?” तो म्हणाला, “पुराना मंदिर.” मास्तर म्हणाला, “अरे, तो पहिल्या यादीतला.” तेव्हा ऑपरेटर जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत, आठवतं तसं देतो.

“मी तो तीस-बत्तीस वेळा पाह्यलाय. पडद्याकडं नाय, लोकांकडं बघून. मशीनच्या बाजूला फट होती. कुठं बाप्ये वरडतात, कुठं बाया आधी हसतात, कुठं पोरगं आईच्या पदरात शिरतं, मला रिळागणिक पाठ होतं. एक रात्र चुकली नाय. त्याला निर्दोष नाय म्हणायचं तर कशाला? तुमाला लाज वाटते, कारण तुमाला दाखवायला कोण तरी आहे. तंबूत कोण होतं? सगळे आपलेच.”

कुणी काही बोललं नाही. मग तो हसत पुढे म्हणाला, “आणि एक गंमत सांगू? पोराने मोबाइलवर लावून दिला मागे. अख्खा. तेव्हा कळलं, आमच्या प्रिंटमधून चांगले चार-पाच मिनिटं गेलेले. माणूस दार उघडतो नि एकदम मेलेलाच दिसतो, असं होतं आमच्यात. मोबाइलमधे मधलं सगळं दाखवलंय. काय मजा नाय. आमचाच बरा होता.”

मी त्या दिवसापासून हाच विचार करतोय. जगात ‘पुराना मंदिर’ नावाचा एक पिक्चर नव्हताच. जितक्या प्रिंट तितके पिक्चर होते. त्यातला एक, ज्याचं संकलन अर्धं रामसेंच्या टेबलावर आणि अर्धं जत्रांमधल्या ऑपरेटरांच्या कात्रीने झालं होतं, म्हशाच्या तंबूत लागला आणि थंडीत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसांच्या अंगाला बरोबर बसला. तो पिक्चर आता कुठेच मिळणार नाही. त्याचा साक्षीदार म्हणावा असा एकच माणूस आमच्या ओळखीत आहे, आणि आमच्याच बैठकीत तो इतकी वर्षं गप्प बसून होता, हे मला जास्त लागलं.

गंमत म्हणजे त्याच ‘पुराना मंदिर’मध्ये जगदीपने ‘शोले’ची टवाळी केली आहे, मच्छर सिंग डाकू बनून. म्हणजे डॉक्टरचा निर्दोष सिनेमा ऑपरेटरच्या निर्दोष सिनेमाच्या पोटात आहे! आणि राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ (२०१८) घ्या, जो आज आमच्यातल्या बहुतेकांच्या दुसऱ्या यादीत पहिला आहे. नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, खऱ्याखुऱ्या पावसात अनेक पावसाळे खपून काढलेला. त्याचा देखणेपणा वादातीत आहे. पण सांगाडा बघा: जुना वाडा, जमिनीखाली कोंडलेला दैत्य, पूर्वजांचं पाप आणि ते फेडणारी पुढची पिढी. सामरीचीच कुंडली! वाड्याच्या पोटात काहीतरी पुरलेलं आहे आणि त्याचे भोग नातवंडांना आहेत, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. रामसेंनी ते भडक रंगांत सांगितलं, बर्वेंनी पावसाच्या करड्या रंगात. पहिल्याला आपण हसलो, दुसऱ्याला मान दिला. त्या ‘तुंबाड’चंही २०१८ साली थिएटरात फार काही झालं नव्हतं. २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. त्याच वर्षी ‘मुंज्या’ही आला आणि आमच्या पिंपळावरचं भूत मल्टिप्लेक्सात शिरलं.

ऑपरेटरच्या तोंडून त्या दिवशी अजून एक नाव निघालं, ‘जैत रे जैत’ (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे. आमच्या दोन्ही तालुक्यांत ठाकर वस्ती मोठी आहे आणि हा ठाकरांचा सिनेमा. तो तंबूत लागला तेव्हा डोंगरातल्या पाड्यांवरून माणसं चालत आली होती, असं तो म्हणाला. ढोल सुरू झाला तेव्हा पुढच्या रांगेतले काही म्हातारे उठून उभे राहिले आणि मागच्यांनी त्यांना “बसा” म्हटलं नाही. मास्तर कॉलेजात याच सिनेमावर अर्धा तास बोलला होता, पण ही गोष्ट त्याला माहीत नव्हती. दोघांच्या यादीत सिनेमा एकच, फक्त पोचायचे रस्ते निराळे.

आता तंबू गेले. आधी केबलने गिऱ्हाईक नेलं आणि मग डिजिटल आल्यावर रिळंच बंद झाली. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ नावाचा माहितीपट केला, तो २०१६ साली कान महोत्सवात नावाजला गेला. रामसेंवर पुस्तक निघालं, अभ्यासकांचे लेख येतात. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये, तेव्हा मोठ्या इंग्रजी पेपरांनी प्रेमाने लिहिलं. आज कुठल्याही शहरी घोळक्यात ‘वीराना’ आवडतो म्हटलं तर लोक टाळी देतात. म्हणजे पहिली यादी चोरून ठेवायची गरजच उरलेली नाही. फक्त ज्यांनी ती कधीच चोरून ठेवली नव्हती, त्यांना हे सगळं कळवायला कुणी गेलेलं नाही. आणि कल्याणच्या मल्टिप्लेक्सचं चौघांचं तिकीट काढायचं तर शेतावरच्या माणसाला आधी मजुरीचा हिशोब करावा लागतो, हा भाग वेगळाच.

असो. आमच्या खेळाचा नियम आता आम्ही थोडा बदलला आहे. दोन याद्या ठेवल्यात, पण प्रत्येक नावापुढे तो सिनेमा कुठे पाहिला, शेजारी कोण बसलं होतं आणि प्रिंट किती तुटकी होती हेही लिहायचं. भांडणं कमी झालेली नाहीत, पण बैठका पूर्वीपेक्षा लांबतात आणि ऑपरेटर सगळ्यात जास्त बोलतो.

तुमच्याही याद्या याच नियमाने कळवा. आत्याने तिची कळवली आहे. निर्दोष या सदरात एकच नाव आहे: ‘जानी दुश्मन’.